एकेचाळिसावं घर

बर्निस होलब शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे तीस मुलांना जेवायला घालायची आणि एका ताटाला किती खर्च येतो हे तिला सेंटापर्यंत पाठ होतं. एक डॉलर चौदा सेंट. बुधवारी कोबीचे रोल असले की एक डॉलर नऊ, कारण आमच्या टोलिडो शहरात कोबी स्वस्त. मी त्याच शाळेच्या तळघरात अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि दुपारी तिच्या हातचं जेवलो. माझ्याकडूनही ती एक डॉलर चौदाच घ्यायची. "मर्ल, शाळेत तू शिकत नाहीस, पण खातोस मुलांसारखाच," असं म्हणून सुटे मोजून घ्यायची.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. एकदा ठरलं होतं. मुलगा कामासाठी फ्लोरिडाला गेला आणि उन्हाळ्यात येतो म्हणाला. ही गोष्ट १९८४ सालची.

२०१३ च्या फेब्रुवारीत कार्यालयातून पत्र आलं. पुढच्या सत्रापासून जेवण बाहेरून येणार होतं, गोठवलेलं, थाळ्यांत भरलेलं. स्वयंपाकघराने ते फक्त गरम करायचं. म्हणून बर्निसचे तास सातावरून चारावर. पत्राच्या शेवटी तिच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार होते आणि तिच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. बर्निसने पत्र वाचलं, घडी घातली आणि बटाट्यांच्या मोठ्या पातेल्यात मीठ टाकलं. त्या दिवशी मीठ जास्त झालं. सत्तावीस वर्षांत एकदाच.

दुसऱ्या आठवड्यात ती तळघरात आली.

"मर्ल, मला घर घ्यायचंय."

"झकास! त्या कोचिशच्या माडीवर आणखी किती दिवस काढणार?"

"राहायला नाही. भाड्याने द्यायला."

"मग तू राहणार कुठे?"

"कोचिशच्या माडीवर."

नदीपलीकडे पूर्वेकडच्या वस्तीत इम्रे कोचिश नावाच्या म्हाताऱ्या हंगेरियन माणसाचं दुमजली घर होतं; तो स्वतः शेजारच्याच गल्लीत राहायचा. बर्निस बावीस वर्षं वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. तिच्याकडे साठवलेले चौदा हजार डॉलर होते. त्या वर्षी आमच्या शहरात चौदा हजारांत एखादं अख्खं घर मिळायचं. कोणाला ते विकत का घ्यावंसं वाटत नव्हतं, हा वेगळा प्रश्न होता.

सुरुवात तिने विमानतळाजवळच्या हॉटेलातल्या एका फुकटच्या व्याख्यानाने केली. मलाही घेऊन गेली, कारण माणशी एक सँडविच मिळणार होतं. स्टेजवर एक तरुण होता. त्याचे दात इतके पांढरे होते की मागच्या रांगेतही वाचायला उजेड पुरला असता. तो म्हणाला, तुम्ही झोपलेले असताना पैसे कमवा. भाडेकरू तुमचा हप्ता भरेल, आणि उरेल ते तुमचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्निसने हात वर केला.

"घर रिकामं असलं तर हप्ता कोण भरतं?"

"ताई, चांगलं घर रिकामं राहतच नाही!"

"आणि बॉयलर फुटला तर?"

"तो तपशील आमच्या तीन दिवसांच्या वर्गात येतो," तो म्हणाला. वर्गाची फी एक हजार नऊशे सत्त्याण्णव डॉलर होती. बर्निसने दोन सँडविचं कागदी रुमालात गुंडाळली आणि आम्ही निघालो. गाडीत ती म्हणाली, "त्या पोराने आयुष्यात एकही ताट वाढलेलं नाही."

मग तिने स्वतःचा नियम ठरवला. नियम ताटाचाच होता. भाडं येईल त्यातून बँकेचा हप्ता, कर, विमा, पाणी, गॅस वजा करायचा. दुरुस्तीसाठी दर महिन्याला काही बाजूला काढायचं, दुरुस्ती निघो न निघो. घर कधी रिकामं पडेल म्हणून आणखी थोडं. एवढं करून महिन्याला दोनशे डॉलर हातात उरले तर घर घ्यायचं. एकशे नव्व्याण्णव उरले तर नाही.

"एका डॉलरने काय होतं?" मी विचारलं.

"आज एक सोडला की उद्या पन्नास सुटतात. मुलं दूध सांडतात ना, तसं."

त्या वसंतात आणि उन्हाळ्यात आम्ही चाळीस घरं पाहिली. मी बॉयलर, भट्टी आणि तळघराची भिंत बघायचो, बाकीचं ती. माझी मजुरी म्हणजे शुक्रवारी चर्चमधली तळलेली मासळी. ती तिच्या खर्चाने, पण दुसरा तुकडा माझा मी घ्यायचा.

भाडं किती येईल हे ती दलालाला कधीच विचारायची नाही. त्या वस्तीतल्या, नाणी टाकून यंत्रात कपडे धुवायच्या धुलाई-दुकानात आपले कपडे घेऊन जायची आणि यंत्र फिरेपर्यंत शेजारच्या बाईला विचारायची, "तू भाडं किती देतेस गं? आणि घर गळतं का?" तिचे कपडे त्या सहा महिन्यांत इतके धुतले गेले की निळा कोट राखाडी झाला. पण कुठल्या गल्लीत दोन खोल्यांना लोक किती देतात हे तिला दलालांपेक्षा जास्त कळायला लागलं.

सातवं घर बाहेरून देखणं होतं. आत भिंतींना गुडघ्याच्या उंचीवर भोकं पाडलेली. चोरांनी तांब्याचे सगळे पाइप काढून नेले होते. दलाल म्हणाला, "पाइप सोडले तर बाकी सगळं मूळचं आहे." एकोणिसाव्या घरात शौचालय स्वयंपाकघरात होतं, पडद्यामागे. विकणारी बाई म्हणाली, पाहुणे आले की गप्पा तुटत नाहीत.

सव्विसावं घर मात्र हिशेबात चोख बसत होतं. मालक सांगत होता की भाडेकरू दरमहा आठशे डॉलर देतो, एकदाही चुकलेला नाही. मी बॉयलर बघून ठीक म्हटलं. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो आणि मला ते घर घ्यायला हवं होतं. बर्निसने भाडेकरूचं दार वाजवलं.

"तुम्ही आठशे देता ना?"

तो बनियनवर उभा होता. "कशाचे?"

"घराचं भाडं."

"मामाने सांगितलं होतं, कोणी विचारलं तर आठशे म्हणायचं," तो म्हणाला. "चुकलं का?"

"नाही, बरोबर सांगितलंत," बर्निस म्हणाली आणि त्याचे आभार मानून जिना उतरली.

चाळीस घरं झाली आणि सप्टेंबर आला. शाळेच्या स्वयंपाकघरात आता थाळ्या गरम होत होत्या. मुलं त्या उघडायची, बघायची आणि बंद करायची. बर्निस कचऱ्याच्या डब्याजवळ उभी राहून ते बघायची. त्या महिन्यात ती बारीक झाली. ताटातलं अन्न वाया गेलेलं पाहणं हे तिच्या बाबतीत आजारपणच होतं.

त्याच महिन्यात कोचिश म्हातारा जिना चढून वर आला. तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. वर पोचल्यावर त्याने आधी खुर्ची मागितली. मी तेव्हा तिथेच होतो, तिच्या खिडकीची कडी बसवत.

"बर्निस, मी ॲरिझोनाला मुलीकडे चाललो. गुडघे म्हणतात, पुरे झालं. घर विकतोय. कॅलिफोर्नियातल्या एकाने फोनवरच चव्वेचाळीस हजार सांगितलेत. बघायलासुद्धा येत नाही म्हणतो."

"बघितलं असतं तर सांगितले नसते," बर्निस म्हणाली.

"त्याच भावात तुला देतो. बावीस वर्षांची ओळख आहे म्हणून."

मी कडी सोडून बर्निसकडे बघितलं. चाळीस घरं हिंडून शेवटी घर पायाखालीच! मला वाटलं, ही आता रडेल तरी किंवा हसेल तरी.

ती म्हणाली, "हिशेब करून सांगते."

तिने टेबलावर कागद घेतला. माडीचं भाडं तीनशे पंचाहत्तर. खालच्या मजल्यावर ओटिस टॉलिव्हर नावाचे निवृत्त गृहस्थ राहत, काचेच्या कारखान्यात पाइप बसवणारे. ते सतरा वर्षं तीनशे चाळीस देत होते. एकूण सातशे पंधरा. मग तिने खाली एकेक खर्च मांडला आणि कोचिशला विचारत गेली. कर किती, विमा किती, गॅस किती. त्याला अर्धंअधिक माहीत नव्हतं.

"मी कधी बघितलंच नाही गं. पेन्शन यायची त्यातून जायचं, बँकेचा हप्तासुद्धा."

शेवटी तिने पेन्सिल ठेवली. "महिन्याला एकशे सतरा डॉलर तोटा."

"कोणाला?"

"जो घेईल त्याला. बहुतेक इतकी वर्षं तुम्हालाही."

कोचिशने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे तुम्हां दोघांना मी पोसत होतो?"

"थोडं थोडं."

"आणि मी सगळ्यांना सांगायचो, माझी मिळकत आहे म्हणून!"

"मला जमणार नाही, मिस्टर कोचिश," बर्निस म्हणाली. "नियमात बसत नाही."

म्हातारा गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदाच. "अगं बाई, हे तुझं घर आहे! तो कॅलिफोर्नियावाला उद्या तुलाच बाहेर काढेल!"

"काढेलच. मी त्याच्या जागी असते तर मीही काढलं असतं. माडीवरची बाई फारच कमी भाडं देते."

हे बोलून ती थांबली. मग पुन्हा कागद ओढला. आमच्या वस्तीत तशा माडीला लोक सव्वापाचशे देत होते. हे तिला धुलाई-दुकानातून पाठ होतं. फक्त स्वतःच्या माडीसाठी तो आकडा लावायचं तिला सुचलं नव्हतं.

"तीनशे पंचाहत्तर म्हणजे चोरी आहे," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते."

पण भाडं वाढवून भागणार नव्हतं. किंमतही उतरायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ती बुटांचं एक खोकं काखेत मारून कोचिशकडे गेली. मलाही नेलं. खोक्यात बावीस वर्षांत तिने कोचिशला लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला होत्या. १९९४, न्हाणीघराचं छत. १९९९, मागचा जिना, तिसरी पायरी. २००३, पुन्हा तिसरी पायरी. २००८, तुंबलेला मोरीचा पाइप. ती एकेक वाचत होती, आवाज न चढवता. जशी शाळेत ती आठवड्याचा मेनू वाचायची.

"मी पायरी दुरुस्त केली होती!" कोचिश म्हणाला.

"तुम्ही तिथे पाटी लावलीत, 'जपून'."

"मग? पडली का कोणी?"

"नाही."

"तर मग!"

तासभर ते असेच बोलत होते. मला वाटलं, आता म्हातारा तिला हाकलून देईल. पण तो कंटाळलेला दिसत नव्हता. बायको गेल्यापासून त्याच्याशी एवढं भांडायला कोणी बसलंच नसावं. शेवटी तो म्हणाला, "कॅलिफोर्नियावाला चव्वेचाळीस देतोय. तू बोल."

"चौतीस."

"दहा हजार कमी! का म्हणून?"

"त्याने पाहणीसाठी माणूस पाठवला की तो हेच खोकं मागेल. आणि मी ते त्याला देईन."

कोचिशने मान हलवली. मग स्वयंपाकघरात गेला, जर्दाळूच्या दारूची बाटली घेऊन आला आणि तीन छोटे ग्लास भरले. "माझी एर्झी म्हणायची, माडीवरची मुलगी मुकी आहे. तिला आज ऐकायला हवं होतं." चौतीस हजारांवर तो तयार झाला. कॅलिफोर्नियावाल्याला फोनवर म्हणाला, "घराला घुशी लागल्या आहेत." हे खोटं होतं.

आता राहिले टॉलिव्हर. हे मात्र बर्निसला जड गेलं. त्यांचं वय शहात्तर, बायको नाही, आणि मुलीला महिन्याला पैसे पाठवायचे. दोन रविवार तिने नुसतं जिन्यावरून खाली बघण्यात घालवले. शेवटी गेली. मी बॉयलर बघायच्या निमित्ताने बरोबर होतो.

"मिस्टर टॉलिव्हर, घर मी घेतेय. तुमचं भाडं साडेचारशे होईल."

टॉलिव्हरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मिस होलब, तीनशे चाळिसात मला काय मिळत होतं? कोचिश यायचा, बॉयलरकडे बघायचा, 'हं' म्हणायचा आणि जायचा. साडेचारशेत काय मिळणार? दोनदा 'हं'?"

"बॉयलर नीट होईल."

"कोण करणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. टॉलिव्हरनीही माझ्याकडे बघितलं. "हे गृहस्थ? ह्यांनी आत्ता त्या झडपेला हात लावला तो उलटा लावला."

खरंच उलटा लावला होता. मी हात काढून घेतला.

"मी एकतीस वर्षं पाइप बसवले," टॉलिव्हर म्हणाले. "कोचिशला तीनदा सांगितलं, मी करून देतो. तो म्हणाला, भाडेकरूने कशाला हात काळे करायचे. तुम्ही सामान आणा, काम माझं. बर्फही मी काढेन, डॉक्टरने नको म्हटलंय तरी. भाडं तीनशे पंचाण्णव."

बर्निसने तिथेच उभ्या उभ्या हातावर पेन्सिलीने हिशेब केला. दुरुस्तीच्या शंभरातले चाळीस वाचत होते. उरत होते दोनशे सात.

"बर्फ मी काढेन," ती म्हणाली. "बाकी कबूल."

"आणखी एक अट. तुमच्या पायांतल्या त्या लाकडी तळाच्या चपला. सतरा वर्षं मी पहाटे पाचला उठतोय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा आपण दोघं भाडेकरू होतो. तक्रार कोणाकडे करणार?"

करारात मऊ चपलांचं कलम आलं. वकिलाने ते दोनदा वाचलं आणि टंकलेखकाची चूक आहे का विचारलं. त्याच दिवशी बर्निसने दुसरा कागद केला: माडीवरील भाडेकरूस सूचना, एक नोव्हेंबरपासून भाडं सव्वापाचशे. मालक म्हणून खाली सही केली आणि भाडेकरू म्हणून वर. दर एक तारखेला ती आपल्या खात्यातून घराच्या वेगळ्या खात्यात चेक टाकायची.

"स्वतःलाच काय भाडं देतेस?" मी विचारलं.

"नाही दिलं तर घर तोट्यात जाईल."

पहिल्या वर्षी दोनशे सात उरले नाहीत. जानेवारीत उणे पंचवीस अंशांच्या थंडीत रस्त्याखालची गटाराची नळी फुटली. टॉलिव्हरनी तळघरात उभं राहून सांगितलं की हे माझ्या हातचं नाही, खोदावं लागेल. चार हजार आठशे डॉलर. घराच्या खात्यात होती नव्हती ती गंगाजळी संपली. दुसऱ्या दिवशी ती मला शाळेत भेटली.

"तो पांढऱ्या दातांचा पोरगा," ती म्हणाली, "झोपेत पैसे मिळतात म्हणाला होता ना? काल माझी झोपच झाली नाही. त्यामुळे त्याला दोष देता येत नाही."

पण एप्रिलपासून पैसे उरायला लागले, आणि मग दर महिन्याला उरत राहिले. कधी दोनशे सात, कधी दोनशे वीस. दोन वर्षांनी तिने दुसरं घर घेतलं, तेही अशाच गल्लीत, तितकंच कुरूप. तिसऱ्याच्या वेळी बँकेतला तरुण उठून उभा राहिला आणि तिला आत बसवून कॉफी दिली. तिने कॉफी अर्धी ठेवली. म्हणाली, पातळ आहे. वयाच्या साठाव्या वर्षी तिने शाळा सोडली. निरोपाच्या समारंभात प्रमाणपत्रावर आडनाव बरोबर होतं. मी कार्यालयात जाऊन आधीच तपासून आलो होतो.

टॉलिव्हर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गेले, खुर्चीत, रेडिओ चालू असताना. मुलगी जॉर्जियाहून आली. तिने सामान बांधलं, आणि बर्निसने तिला महिन्याचं उरलेलं भाडं परत दिलं, दिवस मोजून. मुलगी म्हणाली, "बाबा सांगायचे, माझी घरमालकीण फार कडक आहे. हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे."

खालचा मजला एप्रिलमध्ये रिकामा होता. मेमध्येही होता. बर्निसने पाटी लावली नाही. मी जूनमध्ये विचारलं, तेव्हा म्हणाली, "रंग अजून ओला आहे."

मी भिंतीला बोट लावून पाहिलं. कोरडा होता. मी बोट खिशात घातलं आणि म्हटलं, हो, थोडा ओला आहे.

जुलैमध्ये बेकरीत काम करणारं एक जोडपं तिथे आलं, पाचशे साठ भाड्यावर. पहिल्याच आठवड्यात ती मुलगी जिना चढून वर आली. आम्ही दोघं जेवत होतो. मोरीचा नळ टपकतोय म्हणाली, सवड झाली की बघा, घाई नाही.

बर्निसने विचारलं, "कधीपासून?"

"काल दुपारपासून."

बर्निसने हातातला काटा ताटात ठेवला आणि कपाटातून पाना काढला. "मर्ल, तू खा," म्हणाली. "मुली, चल. दाखव."